रात्री गार, दुपारी बंद: एसीत गॅस भरण्याआधी गच्चीवर जाऊन बघा

जळगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखालच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे. आर-३२ गॅसचा, चार वर्षं जुना. रात्री अकरानंतर बरा चालतो. दुपारी बारा ते पाच मात्र खोली ३० अंशांच्या खाली येत नाही आणि आउटडोअर मधूनच बंद पडतो. मार्चपासून दोनदा गॅस भरून झाला, दुसऱ्यांदा भरल्यावर दुपारचा त्रास उलट वाढला. आता मेकॅनिक म्हणतो, कंप्रेसर गेला. शिवाय इनडोअरमधून भिंतीवर पाणी ओघळतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-नातवंडं येणार आहेत, तोवर काय करता येईल?

ताई, कंप्रेसर बदलायला एवढ्यात होकार देऊ नका. गेली अठ्ठावीस वर्षं मी भुसावळ-जळगाव पट्ट्यात हेच काम करतो. तुमच्या प्रश्नातलं एकच वाक्य मला पुरेसं आहे: रात्री बरा चालतो. गेलेला कंप्रेसर रात्रीचाही चालत नाही. गॅस कमी असता, तरी त्याला दिवस-रात्र कळली नसती. रात्रीही गारवा तुटपुंजा राहिला असता, इनडोअरची कॉइल अर्धी गार अर्धी कोरडी राहिली असती, आउटडोअरजवळच्या बारीक पाईपवर पांढरा बर्फ धरला असता. तुमचा एसी फक्त उन्हात हार खातो. म्हणजे दुखणं उष्णता बाहेर टाकण्याच्या बाजूला आहे, आणि आपल्या खान्देशात दहातली बहुतेक दुखणी तिथेच असतात.

एसी गारवा तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन फेकतो. विहिरीवरच्या मोटारीसारखं आहे हे. पाणी जितक्या उंचावर चढवायचं तितका मोटारीवर भार. एसीसाठी ती उंची म्हणजे बाहेरचं तापमान. आउटडोअरच्या कॉइलमधला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असेल तरच त्याची उष्णता हवेत जाते. रात्री बाहेर ३० असेल तर गॅस ४५ ला असून भागतं, आणि आर-३२ चा दाब ३९० पीएसआयच्या आसपास राहतो. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४५-४६ असताना तोच गॅस ६० च्या घरात न्यावा लागतो आणि दाब ५५० च्या वर चढतो. यंत्र तेच, काम कितीतरी जड. त्यात कॉइल धुळीने भरलेली असेल तर दाब आणखी चढतो. मग पीसीबी, म्हणजे एसी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आधी कंप्रेसरचा वेग उतरवतो, तरी भागलं नाही की बंद करतो. आउटडोअर 'बंद पडतो' असं तुम्हाला दिसतं, तेव्हा तो बहुतेक वेळा स्वतःला वाचवत असतो.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. एसीवर लिहिलेली टनाची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. ३५ म्हणजे आपल्याकडची फेब्रुवारी-मार्चची दुपार. उष्ण प्रदेशांसाठी टी-३ नावाची वेगळी चाचणी आहे, ती ४६ अंशांवर घेतात. नवा एसी घेताना ४६ ला किती क्षमता राहते हे जरूर विचारा. '५२ अंशांतही चालतो' अशी जाहिरात असते, ती चालण्याबद्दल असते, पूर्ण गारवा देण्याबद्दल नसते. तेव्हा भर मे महिन्यात, स्लॅबखाली, दीड टनाचा एसी दीड टनाचं काम करत नाही हे धरूनच चाला. पण खोली ३० च्या खाली येऊच नये इतकीही घट होत नाही.

आता गच्चीवर जा. जाताना एक साधा थर्मामीटर न्या, भिंतीवर टांगतात तो चालेल. दुपारी दोनच्या सुमाराला आउटडोअरच्या मागच्या बाजूला, जिथून तो हवा ओढतो तिथे, सावली करून पाच मिनिटं धरा. गावात ४५ सांगत असतील आणि तुमचा थर्मामीटर ५२ दाखवत असेल तर नवल वाटून घेऊ नका. तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत, गच्चीचा कठडा या सगळ्यांची झळ तिथे साचलेली असते. कित्येक घरांत आउटडोअर कठड्याच्या आत, कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेला असतो. पुढून फेकलेली गरम हवा कठड्याला आपटते आणि फिरून मागून आत जाते. त्याने टाकलेली उष्णता त्यालाच परत मिळते. मागे निदान फूटभर आणि पुढे तीन-चार फूट जागा मोकळी लागते. स्टँड करून आउटडोअर कठड्याच्या वर उचलला, एवढ्यावर सुटलेली प्रकरणं मी हाताने केलेली आहेत. सावली करायची तर वर पत्रा किंवा हिरवी नेट उंचावर बांधा, चारही बाजू उघड्या ठेवून. चहूबाजूंनी नेट गुंडाळली तर तो गुदमरतो. ओलं पोतं पांघरणारेही पाहिलेत. गारव्यासाठीच करतात बिचारे, पण हवेची वाट बंद होते.

मग मागची कॉइल बघा, नुसती लांबून नाही, बोट फिरवून. धरणगावकडे एका घरी गेलो होतो, शेजारीच कापसाची जिनिंग. तिथल्या आजी दारातच म्हणाल्या, "भाऊ, दुपारले गार हवा येसच नही." आउटडोअरची मागची जाळी काढली तर कॉइलची फिन्स, म्हणजे नळ्यांवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, दिसतच नव्हती. दिवाळीपासून उडालेला कापसाचा तंतू फिन्सवर बसलेला, त्यावर मार्च-एप्रिलची धूळ, आणि दोन्ही मिळून जाड थर झालेला. नखाने कडेला धरून ओढला तर गोधडीचं अस्तर निघावं तसा हातभर तुकडा सलग निघून आला. त्याच्यामागे फिन्स अगदी नव्यासारखी चकचकीत होती. त्या एसीतही आधी कोणीतरी गॅस भरला होता. मी गॅसला हातही लावला नाही. पाणी मारलं, वाळू दिलं, चालू केला, अर्ध्या तासात खोली २६ वर. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला हाच थर राखेचा असतो, शेतालगत फुपाट्याचा. लांबून कॉइल नुसती करडी दिसते, म्हणून फसायला होतं.

कॉइल घरीही धुता येते. आधी एमसीबी पाडा, रिमोटने बंद केलेलं धरायचं नाही. सुटणारं कोरडं मऊ ब्रशने वरून खाली, फिन्सच्या रेषेत काढा, आडवं घासू नका. मग साध्या नळीने, अंगठा धरून फवारा करून पाणी मारा. शक्य असेल तर आतून बाहेर, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाईल. गाड्या धुण्याचा जोरदार जेट जवळून मारला तर फिन्स आडवी पडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. जेट वापरणाऱ्याला हात लांब ठेवायला आणि धार सरळ धरायला सांगा. ज्या बाजूला वायरी आणि पीसीबी आहे तिकडे पाणी नको. तासभर वाळू द्या.

धुण्याआधी मात्र एक तपासणी करून ठेवा, ती फार मोलाची आहे. दुपारी एसी चालू आहे आणि गारवा पडला आहे, अशा वेळी फक्त मागच्या कॉइलवर बारीक फवाऱ्याने दहा मिनिटं पाणी शिंपडा. वायरींची बाजू टाळा. आउटडोअरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हे अजिबात करू नका, आधी अर्थिंग बघून घ्या. दहा मिनिटांत आत गार हवा यायला लागली तर दोन गोष्टी सिद्ध झाल्या: कंप्रेसर जिवंत आहे, आणि दुखणं उष्णता बाहेर टाकण्याचंच आहे. मेकॅनिकसमोर हे करून दाखवा. पण ही तपासणी आहे, रोजचा उपाय नाही. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. रोज शिंपडलं तर महिन्याभरात फिन्सवर पांढरा क्षार बसतो. धूळ धुता येते, हा क्षार निघता निघत नाही.

पंखाही बघा. आउटडोअरचा पंखा पुढून ताकदीने गरम हवा फेकतो का? हात धरल्यावर झोत जाणवला पाहिजे. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीत पंख्याचा छोटा कॅपॅसिटर उन्हाने कमजोर होतो, पंखा फिरताना दिसतो पण संथ फिरतो, आणि कंप्रेसर तापून थर्मल कटला बंद होतो. तिथे कंप्रेसरचा कॅपॅसिटरही मोजावा. वर ५० मायक्रोफॅरड लिहिलेलं आणि मीटरवर ४२ येत असतील तर तो बदलायचा. काहीशे रुपयांचं काम आहे. याच कमजोर कॅपॅसिटरमुळे कंप्रेसर नुसता घुमतो, उचलत नाही, आणि 'कंप्रेसर गेला' असा निकाल लागतो. तुमचा इन्व्हर्टर आहे, त्यात कंप्रेसर पीसीबीवरून चालतो, म्हणून तुमच्याकडे हा मुद्दा येत नाही. तुम्ही इनडोअरच्या डिस्प्लेवर किंवा आउटडोअरच्या पीसीबीवरच्या लुकलुकणाऱ्या लाईटवर एरर कोड येतो का ते बघा, फोटो काढून ठेवा. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, त्यामुळे त्याच मॉडेलच्या पुस्तिकेतच अर्थ शोधायचा.

आता गॅसबद्दल, कारण माझं खरं म्हणणं इथे आहे. एसीतला गॅस संपत नाही. गाडीतल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही, खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच तो फिरत राहतो. 'दर वर्षी गॅस भरावा लागतो' हे आपल्याकडे इतकं रुजलंय की माणसं मार्च आला की स्वतःहून फोन करतात. गॅस कमी झाला असेल तर तो कुठूनतरी गळाला, आणि गळती सापडल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा गळणारच. गळाला नसेल तर भरायची गरजच नव्हती. तुमच्या घरी दोनदा भरताना गळती शोधली का? तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून मला वाटतं शोधली नसावी. मला यात मनापासून वाईट वाटतं. माणूस कष्टाचे पैसे देतो आणि यंत्र आधीपेक्षा बिघडून मिळतं.

बिघडतं कसं, ते सांगतो. समजा मार्चमध्ये तुमचा गॅस बरोबर होता आणि कॉइल तुंबलेली होती. वरून गॅस भरला. जास्तीचा गॅस आउटडोअरच्या कॉइलच्या नळ्यांमध्ये द्रव होऊन बसतो. जिथे उष्णता टाकायची ती जागाच त्याने अडवली. दाब आणखी चढला. रात्री हवा गार असते म्हणून निभावतं, दुपारी लगेच बंद. दुसऱ्यांदा भरल्यावर त्रास वाढला असं तुम्ही लिहिलंत, ते मला याचंच लक्षण वाटतं.

मेकॅनिक गेज लावून 'दाब कमी आहे' म्हणाला असेल, आणि तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. साध्या एसीवर शिकलेल्या माणसाची ती सवय असते. जुन्या आर-२२ च्या एसीत कंप्रेसर एकाच वेगाने फिरायचा, सक्शनला, म्हणजे कंप्रेसरकडे परत येणाऱ्या नळीवर, ६०-७० पीएसआय दिसले की काम झालं. इन्व्हर्टरचा वेग सतत बदलतो, वेगाबरोबर गेजचा काटाही बदलतो. पीसीबी कंप्रेसरला हळू चालवत असताना गेजवरून गॅस ठरवला तर चूक होणारच. म्हणून आर-३२ इन्व्हर्टरचा गॅस वजनाने भरतात. आउटडोअरच्या बाजूच्या नेमप्लेटवर तो ग्रॅममध्ये छापलेला असतो. नळी नेहमीपेक्षा लांब असेल तर पुस्तिकेत दिलेल्या हिशेबाने दर मीटरमागे थोडा वाढवतात. एवढंच.

तुमच्या बाबतीत योग्य काम असं होईल. आत्ताचा गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून त्याचं वजन करायचं. नेमप्लेटपेक्षा जास्त निघाला तर माझं म्हणणं खरं ठरलं. कमी निघाला तर गळती आहे, मग नायट्रोजनने दाब देऊन सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावायचा. गळती बहुतेक वेळा इनडोअरमागच्या किंवा आउटडोअरच्या फ्लेअर नटला असते, कारण फ्लेअर, म्हणजे नटात बसणारं नळीचं फुलवलेलं तोंड, वेडावाकडा झालेला असतो. जिथून गॅस गळतो तिथे तेल येतं आणि तेलावर धूळ चिकटते, तेव्हा नटाखाली काळा चिकट डाग दिसला तर अर्धा शोध तिथेच संपतो. नायट्रोजन दाबून निदान काही तास ठेवायचा, काटा हलला नाही तर पुढे जायचं. मग व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा आणि ओल ५०० मायक्रॉनपर्यंत (हे निर्वाताचं माप) ओढायची, पंप बंद करून तो टिकतो का बघायचं, आणि मग तराजूवर सिलिंडर ठेवून नेमप्लेटइतका गॅस सोडायचा. थोडा गॅस सोडून नळीतली हवा 'हाकलून' काम उरकणारे आहेत. आत हवा आणि ओल राहिली की दाब वाढतो, तेल खराब होतं, आणि मग खरोखरच कंप्रेसर जातो.

जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टी. आर-३२ सौम्य का असेना, पण पेट घेणारा गॅस आहे. नळीत गॅस असताना तिथे ब्रेझिंगची (नळी सांधायची) ज्योत लावायची नाही, खोलीत गॅस सुटला असेल तर खिडक्या उघडून आधी हवा खेळू द्यायची. आणि नायट्रोजन मिळाला नाही म्हणून वेल्डिंगच्या ऑक्सिजनने दाब देणारा माणूस दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. कंप्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. यात भिडेखातर गप्प बसू नका.

कंप्रेसर गेला की नाही, हे सांगायला मल्टीमीटर पुरतो, तर्क लागत नाही. पुरवठा तोडून, पीसीबीतली साठलेली वीज उतरायला काही मिनिटं देऊन, कंप्रेसरच्या तिन्ही टर्मिनलच्या वायरी काढायच्या. इन्व्हर्टर कंप्रेसरला यू, व्ही, डब्ल्यू अशी तीन टोकं असतात. कोणत्याही दोहोंमध्ये रोध सारखाच यायला हवा. तिन्ही आकडे जवळपास समान, आणि टोकापासून तांब्याच्या नळीपर्यंत काहीच जोड दिसत नाही, तर वाइंडिंग ठीक आहे. एक जोडी वेगळी आली किंवा बॉडीला शॉर्ट दाखवला तर मेकॅनिकचं म्हणणं मान्य करा. हे काम तुम्ही करू नका, त्याला तुमच्यासमोर करायला सांगा आणि तीन आकडे कागदावर लिहून घ्या. त्याच्याही आधी वॉरंटी कार्ड शोधा. इन्व्हर्टर एसीच्या कंप्रेसरला पुष्कळदा दहा वर्षांची वॉरंटी असते, तुमचा तर चारच वर्षांचा. बाहेर पैसे देऊन कंप्रेसर उघडला की ती हातची जाते.

व्होल्टेजचं थोडक्यात. घरात २३० च्या आसपास हवं, आणि ते एसी जोरात चालू असताना, आउटडोअरच्या टर्मिनलवर मोजायचं. बोर्डावर २२५ आणि आउटडोअरला १९५ आले तर मधली वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. दीड टनाला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घाला. प्लगजवळ नाक नेऊन बघा, जळकट वास किंवा पिवळा पडलेला सॉकेट असेल तर पहिलं काम ते. पीसीबीचं झाकण उघडल्यावर मुंग्या किंवा मेलेली पालही सापडते, आपल्याकडे हे नेहमीचं.

आता भिंतीवरचं पाणी. मला या प्रश्नात सगळ्यात जास्त रस आहे, कारण तो मे महिन्यातला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ओघळलं तर मी सरळ म्हटलं असतं, ड्रेन पाईप तुंबला. पण मे महिन्यात आपली हवा कोरडी ठणठणीत असते. कपडे पाऊण तासात वाळतात. कोरड्या हवेत एसीतून थेंब थेंब पाणी पडायला हवं, ओघळण्याइतकं यायला नको. इतकं पाणी आलं कुठून?

माझा अंदाज सांगतो. तुमच्या हॉलमध्ये किंवा जिन्यापाशी कूलर चालतो का? खान्देशात कूलर नाही असं घर कमी, आणि असायलाच हवा, कोरड्या उन्हात कूलरसारखा स्वस्त गारवा नाही. पण कूलर पाण्याची वाफ घरात सोडतो. एसीच्या खोलीचं दार उघडं असेल, किंवा 'जरा हातभार' म्हणून कूलरचं तोंड एसीच्या खोलीकडे केलेलं असेल, तर ती सगळी वाफ एसीला पुन्हा पाणी करून बाहेर टाकावी लागते. एक लिटर पाणी हवेतून काढायला एसीची जवळजवळ पाऊण युनिटची गार करण्याची ताकद जाते. तुमचा दीड टन म्हणजे चांगल्या हवेत ताशी पाच युनिटांची ताकद. ताशी दोन लिटर पाणी पडत असेल तर चौथा हिस्सा गारवा नुसता हवा वाळवण्यात गेला, आणि तोही नेमका दुपारी, जेव्हा एसीची ताकद आधीच कमी झालेली असते. घरात कूलर आणि एसी दोन्ही ठेवा, पण एका वेळी एका हवेत एकच. एसीच्या खोलीचं दार बंद आणि फटीला कापड, कूलर हॉलमध्ये, त्याच्या समोरची खिडकी उघडी.

कूलर नसेल, किंवा दार बंद असूनही पाणी येत असेल, तर इनडोअरचा फिल्टर काढून उजेडात धरा. पलीकडचं दिसत नसेल तर हवा कमी जाते, रिमोट १६-१८ वर ठेवला की रात्री कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळला की पाणी ट्रेच्या बाहेर पडतं. मार्च ते जून फिल्टर दर आठवड्याला नळाखाली धुवावा. पुस्तिकेत महिन्याचं लिहिलेलं असेल, पण ती पुस्तिका आपली धूळ बघून लिहिलेली नाही. ड्रेन पाईपही एकदा पाणी ओतून तपासा. मधे कुठे पोट आलं असेल तर तिथे शेवाळ बसतं.

रिमोटवर १६ लावल्याने खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त जास्त वेळ पळतो. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ वर येतात ते उगीच नाही. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. २५ वर ठेवून छताचा पंखा बारीक चालवा.

स्लॅबचं दुखणं एसीचं नाही, पण सोसतो एसीच. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी सात ते अकरा खाली झळ सोडत राहतो. तुमचा एसी रात्री अकरानंतर बरा वाटतो, त्यात बाहेरची हवा निवण्याइतकाच स्लॅब निवण्याचाही वाटा आहे. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत वर मातीचा जाड थर असायचा, त्याने हेच काम केलं होतं. एप्रिलच्या आत गच्चीला दोन हात चुना लावा, पांढरा रंग उन्हाचा मोठा भाग परत फेकतो. याहून स्वस्त उपाय माझ्याकडे नाही.

काही वर्षं मी सावद्याकडे केळी पिकवण्याच्या चेंबरची कामं केली. पिकणारी केळी स्वतःच उष्णता सोडतात, चेंबर गरम झाला तर माल वाया, आणि १३ अंशांच्या खाली गेला तर केळीला चरका बसतो. तिथे उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पहिलं काम आउटडोअरची कॉइल धुण्याचं, कोणी तक्रार करो न करो. गेज फार क्वचित बाहेर निघायचा. गाडीभर केळीसाठी जी काळजी घेतली जाते ती घरच्या माणसांसाठीही घेतली जावी असं मला वाटतं, आणि म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. उद्या दुपारी थर्मामीटर आणि शिंपडण्याची तपासणी. त्याच संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, एमसीबी पाडून कॉइल आणि फिल्टर धुवायचे. परवा दिवसभर कूलर बंद ठेवून, दार लावून एसी चालवा, ड्रेन पाईपखाली बादली ठेवा आणि तासाला किती पाणी जमतं ते मापाने मोजा. इनडोअरच्या वरून आत जाणाऱ्या हवेचं आणि खालून येणाऱ्या हवेचं तापमान टिपा, १० ते १४ अंशांचा फरक असेल तर यंत्र नीट काम करतंय. एवढं करून दुपारी दोनला खोली २७-२८ वर आली तर आखाजी निभावली, गॅसचं वजन नंतर निवांतपणे करून घ्या. नाही आली तर रिकव्हरी मशीन आणि तराजू असलेला माणूस बोलवा. फोनवरच विचारा, 'तराजू आणता का?' नाही म्हणाला तर दुसरा शोधा. आणि आल्यावर त्याला आधी तुमचे आकडे द्या: गच्चीवरचं तापमान, हवेतला फरक, बादलीतलं पाणी, आणि मार्चपासून दोनदा गॅस भरलाय हे.